इकुरिन्या : रंग तेच, अर्थ वेगळा

झेंड्याचा अर्थ त्याच्या रंगांत असतो, असं मी बरीच वर्षं मानत होतो. बास्क लोकांच्या ‘इकुरिन्या’नं ती समजूत मोडली. १८९४ साली अराना बंधूंनी तो बिस्काय प्रांतासाठी आखला. तांबडी जमीन म्हणजे जनता, हिरवी तिरपी फुली म्हणजे जुने कायदे, पांढरा क्रूस म्हणजे धर्म. फ्रँकोनं त्यावर बंदी घातली. ५ डिसेंबर १९७६ रोजी सान सेबास्तियानला दोन प्रतिस्पर्धी फुटबॉल संघांचे कर्णधार, इरिबार आणि कोर्ताबार्रिया, तो मिळून धरून मैदानात उतरले. एका खेळाडूच्या बहिणीनं तो शिवला होता. पुढच्याच महिन्यात बंदी उठली. १९७९ पासून स्पेनमधल्याच स्वायत्त बास्क प्रदेशाचा तो अधिकृत ध्वज आहे. रंग एकही बदलला नाही; पण आज त्यात कुणी स्वातंत्र्य पाहतो, तर कुणाला सरकारी कचेरी दिसते.