लघवीच्या चाचणीतून शरीरातील किरणोत्साराचे मोजमाप

कर्नाटकातील कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये काही कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नियमित तपासणीत ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले आढळले. शोध घेतला असता, पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळल्याचे निष्पन्न झाले. पन्नासहून अधिक कर्मचारी बाधित झाले होते. हे कृत्य हेतुपुरस्सर असल्याचे अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी सांगितले. ते उघडकीस आणले लघवीच्या नमुन्यांनी.

बिल्ला अपुरा का?

अणुकेंद्रातील कामगाराच्या छातीवरील टीएलडी बिल्ला बाहेरून येणारा किरणोत्सार नोंदवतो. ट्रिटियमचे बीटा कण मात्र इतके दुर्बळ असतात की ते त्वचाही भेदू शकत नाहीत. बिल्ल्याला त्यांचा पत्ता लागत नाही. पाण्यातून किंवा श्वासातून ट्रिटियम शरीरात गेले, तर ते शरीरातील पाण्यात सर्वत्र मिसळते व आतून मारा करते. जड पाण्यातील ड्युटेरियमने न्यूट्रॉन शोषला की ट्रिटियम तयार होते. त्यामुळे कैगाप्रमाणेच तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या युनिटसारख्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत ही चाचणी अनिवार्य ठरते.

चाचणी कशी होते?

लघवीतील ट्रिटियमचे प्रमाण शरीरातील पाण्याइतकेच असते. नमुन्यात प्रस्फुरक द्रव मिसळून त्यात उमटणारे प्रकाशाचे सूक्ष्म कण यंत्राने मोजतात. प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असते. लिटरमागे सुमारे २.४ कोटी बेक्वेरेल आढळले, तर एकूण १०० कोटी बेक्वेरेल शरीरात गेले असे समजते व त्यापासूनची मात्रा सुमारे १८ मिलिसिव्हर्ट भरते. भारतात कामगारांसाठी एका वर्षाची कमाल मर्यादा ३० मिलिसिव्हर्ट, तर पाच वर्षांची १०० मिलिसिव्हर्ट आहे.

लघवीत नैसर्गिक किरणोत्सारही असतो. जळगावच्या केळ्यांतील पोटॅशियमचा अल्पसा अंश किरणोत्सारी असतो; एका केळ्यात तो १५ बेक्वेरेलच्या आसपास भरतो. शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकत असल्याने त्यापासून धोका नाही. त्याचे बीटा कण बरेच शक्तिशाली असल्याने यंत्र ते वेगळे ओळखते.

वेळेचे महत्त्व

शरीरातील ट्रिटियम साधारण दहा दिवसांत निम्मे होते. महिन्याने एक अष्टमांश उरते. नमुना उशिरा घेतला आणि ट्रिटियम कधी शरीरात गेले हे ठाऊक नसेल, तर हिशेब चुकतो. अपघातानंतर लगेच घेतलेला नमुनाही फसवा असतो, कारण मूत्राशयात आधीची लघवी असते. म्हणून ती टाकून सुमारे दोन तासांनी पुन्हा नमुना घेतात. उपचार साधा आहे: भरपूर पाणी पिणे व गरजेनुसार लघवी वाढवणारी औषधे.

प्रत्येक द्रव्य मात्र इतके सरळ नसते. प्लुटोनियम हाडांत व यकृतात साठून राहते आणि लघवीतून अत्यल्प बाहेर पडते. त्यासाठी चोवीस तासांची लघवी जमवून रासायनिक पृथक्करण करावे लागते. युरेनियमची न विरघळणारी धूळ फुप्फुसातच राहते. तेथे केवळ लघवीवर विसंबता येत नाही.

कायम असो वा कंत्राटी, कामगाराने शरीरात काय वाहून नेले याचा पुरावा काही दिवसच टिकतो. वेळापत्रकाप्रमाणे नमुना घेणे आणि त्याचा निष्कर्ष त्या कामगाराला कळवणे, यावरच या चाचणीची उपयुक्तता अवलंबून आहे.