जोंगाची टिकटिक

इंजिन सुरू झाले की झाकणाखालून शिलाई मशीन चालल्यासारखी बारीक टिकटिक ऐकू येते आणि कुणीतरी लगेच म्हणते, ‘टॅपेट वाजतायत.’ हे निदान बहुधा बरोबर असते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पुष्कळदा चुकतो. आवाज म्हणजे बिघाड आणि शांतता म्हणजे दुरुस्ती, असे आपण धरून चालतो. माझ्या मते या टिकटिकीला स्वतःचा असा अर्थच नाही. इंजिन कोणत्या पिढीचे, हे ठाऊक झाल्यावर तो अर्थ येतो. एका पिढीत ही टिकटिक प्रकृती ठणठणीत असल्याची खूण असते, दुसऱ्या पिढीत तीच तेल आटल्याची तक्रार असते. म्हणून टॅपेटचे निदान कानाइतकेच इतिहासाचे काम आहे. तो इतिहास जबलपूरच्या सदरमध्ये उभे राहून पाहिला तर फार स्पष्ट दिसतो, कारण ज्या जुन्या इंजिनांबद्दल मी बोलतो आहे ती याच शहरात बांधली गेली.

सदर बाजार म्हणजे छावणीचा मुख्य बाजार. सैन्य जिथे मुक्कामाला राहिले, तिथे त्याच्या गरजा भागवणारी ही वस्ती उभी राहिली. जबलपूर डिसेंबर 1817 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. 1870 मध्ये मुंबईकडून आणि अलाहाबादकडून आलेले लोहमार्ग इथे जुळले आणि हे शहर लष्कराच्या सोयीचे मध्यवर्ती ठाणे झाले. 1904 मध्ये तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी निघाली. पहिल्या काळातले तिथले काम लाकडाचे, लोखंडाचे आणि चाकांचे होते. स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकाच्या अखेरीस, याच कारखान्यात जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक जोडले जाऊ लागले. 1969 मध्ये वाहनांसाठी स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी आली आणि ओतकामासाठी 1972 मध्ये ग्रे आयर्न फाउंड्री. निसानच्या पेट्रोल या मॉडेलवरून (हे गाडीचे नाव, इंधनाचे नव्हे) बनलेल्या लष्करी गाडीला तर शहराचेच नाव मिळाले. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘जोंगा’ तयार झाले. साधारण तीस वर्षे, 1999 पर्यंत, ती इथे बनत राहिली.

जोंगाचे इंजिन सहा सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे, 3956 घनसेंटीमीटरचे. निसानच्या एक टनी लष्करी ट्रकातही तेच. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्ह दाबून उघडते. या साखळीत रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात मुद्दाम फट ठेवावी लागते. ती मिलिमीटरच्या दोन-चार दशांशांची, म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या जाडीची. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह 700 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि तापलेले पोलाद लांबते. फट नसेल तर लांबलेला व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता टेकत नाही. त्याची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर जायची असते. ती वाट बंद झाली की कड जळते आणि कॉम्प्रेशन जाते. ही फट दर वेळी मिटताना जो ठोका पडतो, तीच टिकटिक. म्हणजे या पिढीच्या इंजिनात आवाज रचनेतच आहे. गॅरेजच्या बोलीत ‘टॅपेट’ हा शब्द भागालाही वापरतात आणि फटीलाही. ‘टॅपेट टाइट झालेत’ म्हणजे फट कमी झाली. बोलीने भाग आणि फट एकच मानली, यात मला मोठी समज दिसते, कारण या यंत्रात रिकामी जागा हाही एक सुटा भागच आहे.

आता निदान. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 5 वेळा उघडतो. जोंगाचे बारा व्हॉल्व्ह मिळून सेकंदाला 60 ठोके पडतात. फट सगळीकडे सारखी असेल तर ते एकमेकांत मिसळून सलग सरसर होते. एखादीच फट वाढली असेल तर त्या सरसरीतून सेकंदाला 5 ठोके वेगळे वर येतात. क्रँकच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 10 च्या लयीत येणारा जड ठोका असेल तर बेअरिंगकडे पाहायचे. शंका उरलीच तर एकेका प्लगची वायर काढून पाहतात. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला की बेअरिंगचा ठोका मंदावतो, टॅपेटच्या आवाजात मात्र फरक पडत नाही. मॅनिफोल्डची गॅसकेट फुटली तर तिथून सुटणारी हवाही हुबेहूब टिकटिक करते, पण चढावर, गाडीवर भार पडला की ती वाढते. शेवटी लांब स्क्रू ड्रायव्हरचा दांडा कानाला लावून सिलिंडर ठरवतात आणि चालत्या इंजिनावरच फिलर गेजची पाती रॉकरखाली सरकवतात. जिथे पाती जाताच ठोका थांबतो, तो रॉकर दोषी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कान फसवतो आणि दुरुस्ती मोजमापाने व्हावी. आक्षेप खरा आहे, पण वर सांगितलेल्या रीतीला तो लागू पडत नाही. कान फक्त कुठे मोजायचे ते सांगतो, निकाल गेज देते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या गाड्या लष्कराच्या, त्यांची देखभाल कुंपणाच्या आत होत होती. मग बाजाराचा या विद्येशी संबंध काय? कुंपण होते, हे मान्यच. पण आतली माणसे ठरावीक वर्षांनी बाहेर येतात. 1 मे 1943 रोजी स्थापन झालेल्या, लष्कराच्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या इएमई या दलात साध्या शिपायाच्या दर्जाच्या जवानाला ‘क्राफ्ट्समन’ म्हणतात. हातातले कौशल्य हाच तिथला हुद्दा. जबलपुरात लष्कराची 506 आर्मी बेस वर्कशॉप आहे, आयुध भांडार आहे, कारखाने आहेत. अशा शहरात निवृत्त माणसांबरोबर कसब बाहेर येतेच, आणि लिलावात निघालेल्या जोंगांच्या रूपाने यंत्रही बाहेर आले.

अर्थाची उलटापालट झाली ती हायड्रॉलिक टॅपेटमुळे. 1930 च्या सोळा सिलिंडरी कॅडिलॅकमध्ये ही युक्ती होती, पण भारतीय रस्त्यांवर ती ठळकपणे आली 1990 च्या दशकात, सिएलो आणि ओपेल अ‍ॅस्ट्रासारख्या गाड्यांबरोबर. यात टॅपेटच्या पोटात तेल भरते, आतला दट्ट्या वर येतो आणि फट आपोआप शून्य राहते. इथे शांतता हीच प्रकृती. रात्रभर उभ्या गाडीत तेल निथळून सकाळी काही क्षण टिकटिक झाली तर घाबरू नये. इंजिन तापल्यावरही ती टिकली तर आधी तेलाची पातळी पाहावी, मग दाब. तेल कमी असेल, फार पातळ असेल, किंवा जास्त भरल्याने क्रँकने घुसळून त्यात हवा मिसळली असेल, तरी हाच आवाज येतो. टॅपेटच्या आतल्या झडपेच्या बारीक गोळीखाली घाण अडकली असेल तरीही. इथे पाना घेऊन फट लावायला जाणारा हात कितीही अनुभवी असो, तो चुकीच्या पिढीत शिकलेला असतो. संगणकीय तपासणीने हा प्रश्न सुटेल असे कुणी म्हणेल. पण स्कॅनरला टॅपेट सहसा दिसतच नाही, आणि नॉक सेन्सर कधी कधी याच यांत्रिक ठोक्याला इंधनाच्या बेताल स्फोटाचा दोष समजून प्रज्वलन मागे ओढतो. चुकीचे ऐकणे यंत्रालाही जमते.

याहून मोठी गोष्ट फेब्रुवारी 2000 मध्ये घडली, जोंगाचे उत्पादन थांबल्यावर लगेच. देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. माणसांच्या रक्ताच्या दृष्टीने ते अत्यावश्यकच होते. पण शिशाचा थर व्हॉल्व्हच्या सीटला झिजेपासून वाचवत असे. ज्या जुन्या इंजिनांत कठीण सीट बसवलेल्या नाहीत, त्यांत आता सीट हळूहळू खोल जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होते. मालकाला वाटते, गाडी पूर्वीपेक्षा छान, निवांत चालते. प्रत्यक्षात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायच्या वाटेला लागलेला असतो. या काळात जुन्या इंजिनाची टिकटिक ऐकून धावणाऱ्यापेक्षा ती मंदावल्याचे ज्याच्या लक्षात येते, तोच खरा जाणकार.

हे ज्ञान टिकवायचे तर जुनी गाडी रंगवून चौथऱ्यावर ठेवणे पुरेसे नाही, आणि मला याची खरोखर काळजी वाटते. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध कारखान्यांची विभागणी झाली. व्हेइकल फॅक्टरी एका कंपनीकडे गेली, गन कॅरेज फॅक्टरी दुसरीकडे. जोंगाचे आराखडे, फटींचे तक्ते, दुरुस्तीची पुस्तके एकत्र राखण्याचे काम आता अधिक अवघड झाले आहे. त्यांच्या जोडीला चालू इंजिनाचा आवाजही नोंदवला जावा: थंड असताना, तापल्यावर, एक फट मुद्दाम सैल करून, एक आवळून. चौथऱ्यावरची जोंगा थंड असते, आणि थंड इंजिनात व्हॉल्व्ह लांबत नाही.