एकछिद्री दुर्बीण शस्त्रक्रिया (मूत्ररोग व स्त्रीरोग)

पोटावर तीन-चार छिद्रे न पाडता, बहुधा बेंबीतल्या एकाच छेदातून दुर्बीण आणि सर्व हत्यारे आत घालून केली जाणारी शस्त्रक्रिया. छेद साधारणपणे २ ते ३ सेंमी. असतो. बेंबीशी पोटाची भिंत पातळ असते, मध्ये स्नायूचा थर येत नाही आणि भरलेली जखम बेंबीच्या घडीत लपते.

पोटात पाऱ्याच्या १२ ते १५ मिमी. दाबाने कार्बन डायऑक्साइड भरून काम सुरू होते. छेदात अनेक तोंडांचा पोर्ट बसवतात. तयार पोर्ट महाग पडतो, तेव्हा लवचिक कड्यावर ऑपरेशनचा हातमोजा ताणून त्याच्या बोटांतून हत्यारे घालतात. हा स्वस्त उपाय चांगला चालतो.

खरी अडचण हत्यारांच्या कोनाची. नेहमीच्या पद्धतीत ती दोन बाजूंनी येऊन दुर्बिणीसमोर त्रिकोण साधतात. एकाच छिद्रातून ती जवळजवळ समांतर जातात आणि दांडे एकमेकांवर आपटतात. हत्यारे फुलीसारखी ओलांडली, तर डाव्या हातातले हत्यार पडद्यावर उजवीकडे काम करते. बाकदार हत्यारे आणि टोकाशी वळणारी दुर्बीण यांनी अडचण कमी होते, संपत नाही. म्हणून मूत्रपिंड काढण्यापेक्षा मूत्रनलिकेचा अरुंद भाग कापून पुन्हा शिवणे जास्त कठीण. मूत्रपिंड अखंड बाहेर काढायचे तर छेद मोठा करावाच लागतो.

या वाटेने स्त्रीरोगतज्ज्ञ फार आधी गेले. १९६९ मध्ये अमेरिकेतील क्लिफर्ड व्हीलेस यांनी बेंबीतल्या एकाच छेदातून स्त्री-नसबंदी केल्याचे प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ म्हणून गावोगाव माहीत असलेली, बीजवाहिनीवर रिंग चढवण्याची शस्त्रक्रियाही एकाच छिद्रातून होते. न्यू जर्सीतील पेलोसी पितापुत्रांनी १९९१ मध्ये याच पद्धतीने गर्भाशय व अंडाशये काढली. आज अंडाशयाची गाठ आणि बीजवाहिनीतील गर्भ यांसाठीही ती वापरतात.

मूत्ररोगात ती २००७ च्या सुमारास आली. डॅलसच्या शल्यविशारदांनी त्या वर्षी मूत्रपिंड काढल्याचे नोंदवले. पाठोपाठ २००८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिक आणि गुजरातेतील नडियादचे मुळजीभाई पटेल रुग्णालय यांच्या शल्यविशारदांचा संयुक्त अहवाल आला. त्याच वर्षी क्लीव्हलँडमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी या पद्धतीसाठी ‘लेस’ हे नाव ठरवले. एकाच नळीतून तीन वळणारी हत्यारे व कॅमेरा घालणाऱ्या ‘दा विंची एसपी’ यंत्रमानवाला २०१८ मध्ये अमेरिकेत मूत्ररोगासाठी मान्यता मिळाली. त्याची नळी २.५ सेंमी. व्यासाची असते.

व्रण दिसत नाही, हा या पद्धतीचा निर्विवाद फायदा. तरुण रुग्णांना आणि मूत्रपिंड दान करणाऱ्या निरोगी माणसांना त्याचे मोल मोठे वाटते आणि ते रास्तच आहे. वेदना कमी होतात, रुग्ण लवकर घरी जातो, हे दावे मात्र तितके पक्के नाहीत. नेहमीच्या दुर्बीण शस्त्रक्रियेशी तुलना केल्यास फरक थोडा दिसतो किंवा दिसतच नाही. वेळ जास्त लागतो. छेद नीट शिवला नाही, तर बेंबीत हर्निया होऊ शकतो. अतिस्थूल, आधी पोटावर बऱ्याच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा मोठी गाठ असलेल्या रुग्णांना ही पद्धत सहसा सुचवत नाहीत. मध्येच रक्तस्राव झाला किंवा नीट दिसेनासे झाले, तर दुसरे छिद्र पाडणे हाच योग्य निर्णय असतो. रुग्णाने आपल्या डॉक्टरांना अशा शस्त्रक्रियांचा किती अनुभव आहे, हे आधी निःसंकोच विचारावे.