कुत्र्याचा भाव

मुंबईत कुत्र्याचा सरकारी भाव एकदा ठरला होता. नग एक, मेलेला, आठ आणे. साल १८३२. भटकी कुत्री मारायची, शिपायाने बक्षीस घ्यायचे. आता आठ आणे दिसल्यावर भटके कोण नि पाळीव कोण, हे शिपाई कशाला बघतोय! पारशी मंडळी खवळली. जूनमध्ये दंगल झाली, दुकाने बंद पडली. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ ही संस्था काढली. १८८३ साली परळला बाई साकरबाईंच्या नावाने जनावरांचे इस्पितळ आले.

म्हणजे मारायचा दर एका हुकमात ठरला. जगवायचा अजून ठरतोय. आमच्या मेव्हण्याने दहा वर्षांची कुत्री आणली. फुकट! दात किडलेले, म्हणून ते काढायचे. त्यासाठी भूल, भुलीआधी रक्ततपासणी, तपासणीत मूत्रपिंड अधू. सांध्यांचे औषध कायमचे. बँकेत जुन्या गाडीवर कर्ज देताना आम्ही आधी इंजिन बघतो. मेव्हण्याने डोळे बघितले.

परवा औषधांची बिले मीच बेरजेला घेतली. कुत्री त्याच्या पावलावर हनुवटी टेकून झोपली होती. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणे, पण त्याने पाय काही हलवला नाही.