सात जोडण्या, एकच केबल

१२ डिसेंबर १९८६ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेचा ईशान्य कोपरा अर्पानेटवरून नाहीसा झाला. इंटरनेटच्या या पूर्वजासाठी लागणारी पहिली यंत्रं ज्या केंब्रिज-बॉस्टन परिसरात घडली, तोच परिसर सुमारे अकरा तास उरलेल्या जाळ्याला दिसेना. या कोपऱ्याला, म्हणजे न्यू इंग्लंडला, बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एक नव्हती, चांगल्या सात होत्या. आराखड्यावर त्या सात वेगळ्या रेषा होत्या. टेलिफोन कंपनीने मात्र न्यूअर्क ते व्हाइट प्लेन्स या टप्प्यात सातही लाइन एकाच फायबर केबलमधून नेल्या होत्या, आणि तुटली ती नेमकी तीच केबल.

डेटा सेंटर उभारणाऱ्यांना आजही सर्वांत जास्त छळणारा प्रश्न त्या रात्री उघडा पडला. दुसरी जोडणी घेतली खरी, पण ती खरोखर दुसरी आहे का?

हा प्रश्न इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात मुंबईचं नाव अगदी सुरुवातीला येतं. १८५७ च्या उठावानंतर लंडनला हिंदुस्थानशी तारेने बोलण्याची घाई झाली. तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली १८५९-६० ची केबल जवळजवळ निरुपयोगी ठरली. १८६५ पासून इराणच्या आखातातून आणि तुर्की मुलखातून संदेश येऊ लागले, पण ते पोचायला कधीकधी अनेक दिवस लागत आणि वाटेत मजकुराची मोडतोड होई. मग १८७० या एकाच वर्षी दोन नवे मार्ग सुरू झाले. एक सीमेन्स बंधूंचा, प्रशिया आणि रशियातून तेहरानपर्यंत जमिनीवरून जाणारा. दुसरा समुद्राच्या तळातून जाणारा: ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असा हा दुवा थेट इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोर्थकर्नोला पोचला. मालक वेगळे, भूगोल वेगळा, धोकेही वेगळे. रशियाशी बिनसलं तर जमिनीवरची तार जाणार, जहाजाचा नांगर अडकला तर समुद्रातली. दोन्ही एकाच कारणाने जाण्याची शक्यता कमी. तार करणाऱ्याला फॉर्मवर मार्गाचं नावही लिहिता येई. पर्यायी मार्ग कसा निवडावा याचं इतकं स्वच्छ उदाहरण नंतरच्या शंभर वर्षांत फार कमी सापडतं.

मार्ग माणसाने न निवडता यंत्रानेच शोधावा, हा विचार १९६० च्या दशकातला. अणुयुद्धातही टिकेल असं दळणवळण कसं उभारायचं, यावर रँड संस्थेत पॉल बॅरन काम करत होते. केंद्र नसलेल्या जाळ्यात प्रत्येक ठाणं तीन-चार शेजाऱ्यांशी जोडलेलं असलं, तर बरीच ठाणी उद्ध्वस्त होऊनही उरलेली एकमेकांशी बोलू शकतात, हे त्यांनी आकडेमोड करून दाखवलं. मात्र प्रत्यक्षात घडलेलं इंटरनेट सुरुवातीला इतकं मोकळं नव्हतं. १९८० च्या दशकात जाळ्याजाळ्यांमधली वाहतूक ईजीपी नावाच्या नियमांवर चाले, आणि त्यात मध्ये एक गाभा व भोवती फांद्या अशी रचना गृहीत धरलेली होती. एका फांदीला दोन खोडं असली की गोंधळ ठरलेलाच.

जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे एका तांत्रिक बैठकीच्या वेळी सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकॉव्ह रेख्टर जेवणाच्या टेबलावर बसले आणि कागदी रुमालांवर नव्या नियमांचा आराखडा काढला. तेच बीजीपी. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. कल्पना विलक्षण साधी होती. प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक द्यायचा. ‘माझ्याकडून अमुक पत्त्यांवर जाता येतं’ हे शेजाऱ्याला सांगताना वाटेत कोणकोणते क्रमांक लागतात त्यांची यादी सोबत द्यायची. त्या यादीत आपलाच क्रमांक दिसला तर तो मार्ग घ्यायचा नाही. एवढ्यावर जाळ्याला हवी तितकी खोडं फुटू शकली आणि संदेश गोल गोल फिरत राहण्याचं भय गेलं.

डेटा सेंटरच्या धंद्याला खरी मुभा इथून मिळाली. बीजीपीशिवाय नुसती दुसऱ्या प्रोव्हायडरची लाइन घेऊन फारसं साधत नाही. सर्व्हरचे आयपी पत्ते सहसा पहिल्या प्रोव्हायडरच्या मालकीचे असतात. त्याची लाइन पडली की जगाच्या लेखी ते पत्तेच गायब होतात, दुसरी लाइन शाबूत असली तरीही. स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचे पत्ते असले, की तीच घोषणा दोन्ही प्रोव्हायडरांमार्फत करता येते आणि एक बंद पडला तर काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, जग दुसऱ्या वाटेने येतं. बाहेर जाणारी वाहतूक कोणत्या लाइनने पाठवायची हे आपल्या हातात असतं. आत येणारी मात्र दुसऱ्यांच्या मर्जीवर चालते. राखीव लाइनवर आपलाच क्रमांक यादीत दोन-तीनदा लिहून ती वाट मुद्दाम लांब दाखवायची, ही जुनी युक्ती आजही चालते.

निवडीचा खरा पेच पुढे येतो. प्रोव्हायडरकडून जगातल्या सगळ्या मार्गांची पूर्ण यादी घ्यायची, की ‘बाकी सगळं माझ्याकडे पाठव’ एवढा एकच डिफॉल्ट मार्ग? डिफॉल्ट स्वस्त पडतो, छोट्या राउटरवर भागतो. पण प्रोव्हायडरची पुढची लाइन तुटली आणि तुमच्यापर्यंतची चालू राहिली, तर तुमचा राउटर निश्चिंतपणे सगळं त्या आंधळ्या विहिरीत ओतत राहतो. पूर्ण यादी घेणाऱ्याला हे कळतं, पण त्यासाठी भरपूर मेमरी लागते. ही यादी १९९४ च्या सुमारास वीस हजारांच्या घरात होती. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ती ५ लाख १२ हजारांपलीकडे गेली, तेव्हा त्या मर्यादेचे अनेक जुने राउटर कोलमडले. आता ती दहा लाखांच्या आसपास आहे.

इमारतीच्या आतला प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. सर्व्हरला बाहेरचा दरवाजा म्हणून एकच पत्ता माहीत असतो. तो राउटर मेला तर दोन प्रोव्हायडर असून उपयोग काय? १९९० च्या दशकात सिस्कोने एचएसआरपी आणलं आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी खुलं असं व्हीआरआरपी आलं. दोन राउटर मिळून एक सामायिक पत्ता सांभाळतात. पहिल्याचा ‘मी आहे’ हा निरोप थांबला की काही सेकंदांत दुसरा तो पत्ता उचलतो.

एवढं सगळं असूनही अपघात व्हायचे ते झालेच, आणि त्यांची जात १९८६ चीच होती. १८ जुलै २००१ रोजी बाल्टिमोरच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांच्या फायबर केबल त्याच बोगद्यातून जात होत्या. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या समुद्री केबल तुटल्या आणि भारताची परदेशी क्षमता निम्म्यावर आली. दोन दिवसांत दुबई-ओमानच्या बाजूची आणखी एक केबल एका टाकून दिलेल्या, काही टनांच्या नांगराने कापली. ज्यांनी दोन प्रोव्हायडर घेतले होते पण दोघेही मुंबईहून पश्चिमेकडेच जात होते, ते एकदम अडकले. चेन्नईहून सिंगापूरमार्गे पूर्वेकडची वाट ज्यांच्याकडे होती, ते हळूहळू का होईना पण चालत राहिले. दोन बिलं भरली म्हणजे दोन मार्ग मिळाले, ही समजूत इतक्या लोकांना इतकी महाग पडली, की तेव्हापासून जाणते ग्राहक करारासोबत केबलचा नकाशाही मागू लागले: कोणत्या रस्त्याखालचा डक्ट, कोणता पूल, इमारतीत शिरण्याची जागा कोणती.

भारतातली समुद्री वाट तरीही अरुंदच आहे. २०२२ अखेरीस देशात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ केंद्रांवर येत होत्या, आणि तीही पाचच शहरांत. सर्वांत मोठा भार मुंबई आणि चेन्नईवर. मुंबईत तर वर्सोव्याच्या छोट्याशा किनारपट्टीवर अनेक केबल शेजारी शेजारी जमिनीवर येतात. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यात उभी राहिलेली प्रचंड डेटा सेंटरं या केबलवर अवलंबून आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्याने निकामी झालेल्या ‘रुबिमार’ जहाजाचा नांगर फरफटत गेला आणि तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. त्याआधी २०२१ मध्ये गूगलने ‘ब्लू’ आणि ‘रामन’ या जोड केबलची घोषणा केली होती. त्यांपैकी सी. व्ही. रामन यांच्या नावाची केबल जॉर्डनमधल्या अकाब्याहून मुंबईपर्यंत आखलेली आहे. इजिप्तची जमीन तिने टाळली आहे. पण अकाब्याहून मुंबईकडे येण्यासाठी तिलाही तांबड्या समुद्रातून आणि बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच यावं लागतं. त्यामुळे नवी मुंबईतल्या एखाद्या बँकेच्या अभियंत्याने युरोपसाठी राखीव मार्ग निवडताना ही केबल जुन्या केबलची जोडीदार म्हणून घेतली, तर इजिप्तपुरता त्याचा धोका कमी होईल. सामुद्रधुनीचा धोका टाळायला त्याला पूर्वेकडच्यासारखी लांबची, प्रत्येक संदेशाला जास्त वेळ घेणारी वाटच घ्यावी लागेल.