नळाचे पाणी नळाच्या मुळाशी

‘नळ आला’ असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर पाणी आलेले असते. पाण्याशी इतका एकजीव झालेला हा शब्द मुळात गवताचा आहे. संस्कृतात नड किंवा नल म्हणजे पाणवठ्याकाठी वाढणारे उंच, पोकळ दांड्याचे गवत. त्याच्या पोकळपणावरून पाणी वाहून नेणारी पोकळ वस्तूही नळ झाली आणि बारीक असेल ती नळी.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या बांधीव पाणथळीत हे दोन्ही नळ पुन्हा एकत्र येतात. घरातून आलेले पाणी एका नळाने वाफ्यात उतरते. वाफा सुमारे ६० सेंटिमीटर खोल, खडीने भरलेला आणि वर नळाचे गवत लावलेले. पाणी खडीच्या वर दिसत नाही, काही बोटे खालूनच सरकते. हे वाहणे नव्हे, साचणेही नव्हे. मराठीत याला नेमका शब्द आहे: पाझरणे. ‘झरा’ त्याच कुळातला, संस्कृत ‘क्षर्’ धातूपासून आलेला.

पाझरताना पाण्यातला गाळ खडीत अडकतो. खडीवर आणि मुळांवर वाढलेले जिवाणू त्यातली घाण खातात. गवताच्या पोकळ दांड्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते. म्हणजे गवत इथेही नळाचेच काम करते, फक्त हवेच्या.

हा पाझर साधणे सोपे नाही. जर्मनीत ओथफ्रेझन येथे १९७४ मध्ये राइनहोल्ड किकुथ यांच्या पद्धतीचा मोठा वाफा सुरू झाला. या पद्धतीत खडीऐवजी चिकणमातीची जमीन वापरत. मुळे माती भुसभुशीत करतील आणि पाणी आतून जाईल, ही अपेक्षा होती. अशा वाफ्यांतली माती पुरेशी मोकळी झाली नाही आणि पाणी वरूनच वाहून गेले. पुढे खडी रूढ झाली. तरीही वाट सोपी मिळाली की पाणी तिथूनच निसटते, आणि कोपऱ्यांतले साचून राहते. म्हणून पाणी वाफ्याच्या पूर्ण रुंदीवर सारखे सोडावे लागते आणि शेवटच्या नळाच्या उंचीने पातळी राखावी लागते. काही दिवस रेंगाळले, तरच ते निवळते. ‘निवळ’ हे ‘निर्मल’चेच मराठी रूप.

या सगळ्या प्रवासाचा अर्थ दोन शब्दांत आधीच साठलेला आहे. जुन्या मराठीत ‘सांडणे’ म्हणजे टाकून देणे. सांडपाणी म्हणजे टाकलेले पाणी. ‘पाणी’ आले ‘पानीय’वरून, म्हणजे पिण्याजोगे. वाफ्यातून बाहेर पडणारे पाणी पिण्याजोगे होत नाही, पण बागेला देण्याइतके बहुधा होते. टाकलेल्याला त्याचे नाव थोडे तरी परत मिळते.

या रचनेला आपण ‘रीड बेड’ किंवा ‘कृत्रिम पाणथळ’ म्हणतो. माझी सूचना आहे ‘नळवाफा’. यात गवत आहे, नळ आहे आणि शेतकऱ्याच्या हाताला ओळखीचा वाफाही आहे. गावात, शाळेत, सोसायटीत असा वाफा तयार होईल, तेव्हा फलकावर हेच नाव लिहून पाहा.