कागजीपुऱ्याला जाण्याआधी

दिवाळीत आई-बाबांना कागजीपुऱ्याला न्यायचं ठरवतोय. दौलताबाद किल्ल्याजवळचं, हातकागदाचं जुनं गाव. कोल्हापूरहून सुमारे साडेचारशे किलोमीटर. बाबा म्हणाले, "कागद बघायला एवढ्या लांब?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्याही कामाचं आहे.

इथल्या पुराभिलेखागारात मोडी शिकताना मी नुसती अक्षरं बघायचो. एकदा एक पान उजेडासमोर आलं आणि त्यात बारीक समांतर रेषा दिसल्या. त्या साच्याच्या काड्यांच्या खुणा. चिंध्या किंवा ताग चुन्यात भिजवून कुटायचा, लगदा पाण्यात कालवून काड्यांच्या साच्यावर उचलायचा, वाळला की खळ लावून दगडानं घोटायचा. चुन्याचा अंश आम्ल मारतो, म्हणून असा कागद टिकतो. तुरटी घातलेला, लाकडी लगद्याचा कागद मात्र आम्लामुळे लवकर ठिसूळ होतो. म्हणजे मजकूर वाचण्याआधीच कागद काहीतरी सांगत असतो.

पण जपून. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली आणि तिच्याबरोबर कागजी आले, असं सांगतात. राजधानी हलली हा इतिहास; कागजी तेव्हाच आले ही परंपरा. वहीत दोन्ही लिहा, पण वेगळ्या रकान्यांत. तसंच, रेषा दिसल्या म्हणून कागद कागजीपुऱ्याचाच ठरत नाही. जुन्नरलाही कागद बनायचा.

बाबांना सांगितलंय, किल्ला आणि वेरूळही बघू. पण आधी साचा हातात घेऊन बघायचा, मग पुन्हा ते पान.